ज्या देवांना मरण नाही, त्यांचं माणूसपण

सांगलीहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. सहावीतल्या लेकीला तुम्ही रात्री झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगता. झ्यूस बायकोच्या अपरोक्ष काय काय करतो, हेरा सवतींवर कसा सूड उगवते, आरेस आणि अथीना एकाच बापाची लेकरं असून रणांगणात एकमेकांवर कशी धावून जातात, हे ऐकता ऐकता ती म्हणाली, "आई, हे देव आहेत ना? मग असे का वागतात?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. असे देव लोक पूजत तरी कसे होते, आणि या गोष्टी मुलीला सांगाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

सांगा. अगदी निर्धास्तपणे सांगा.

मी गेली सव्वीस वर्षं होमर हा ग्रीक महाकवी मूळ ग्रीकमधून वाचते आणि मराठी मुलांना शिकवते. दर वर्षी पहिल्याच महिन्यात वर्गात कोणी ना कोणी तुमच्या मुलीचाच प्रश्न विचारतं. त्याचं ठरलेलं उत्तर असं, की ग्रीकांनी देव माणसासारखे कल्पिले, म्हणून माणसाचे दोष त्यांना चिकटले. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच सांगत होते. ते चूक नाही, पण त्याने माझंच समाधान होईना. राग, हेवा, वासना, कपट एवढ्यातच माणूसपण संपतं का? या देवांपाशी माणसाचं जवळजवळ सगळं आहे. हसणं आहे, लाज आहे, कौतुक आहे, लेकरांची माया आहे. नाही ते मरण. मरण नाही म्हणून आपल्या रागाची आणि प्रेमाची जी किंमत आपण चुकवतो, ती त्यांना सहसा चुकवावी लागत नाही. आणि जिथे एखाद्या देवाला ती चुकवावी लागते, तिथे या गोष्टी इतक्या खोल जातात की वाचताना मला अजूनही मध्येच पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

तुमच्या मुलीचा आक्षेप थोर लोकांनीही घेतलेला आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जन्मलेला कोलोफोनचा तत्त्वज्ञ झेनोफनीस म्हणतो की चोरी, व्यभिचार, एकमेकांची फसवणूक, माणसांमध्ये जे जे लाजिरवाणं, ते सगळं होमर आणि हेसिअड या कवींनी देवांच्या माथी मारलं. बैल-घोड्यांना हात असते तर घोड्यांनी घोड्यासारखे आणि बैलांनी बैलासारखे देव काढले असते, हेही त्याचंच. प्लेटोने तर थेट तुमच्या रात्रीच्या गोष्टींनाच हात घातला. आई आणि दाई मुलांना कोणत्या गोष्टी सांगतात यावर नगराची नजर हवी, असं 'रिपब्लिक'मध्ये म्हटलेलं आहे. तिथे नको असलेल्या गोष्टींमध्ये एक हेफेस्टसची आहे. मार खाणाऱ्या आईच्या मदतीला धावला म्हणून बापाने त्याला स्वर्गातून खाली फेकलं, ती.

प्लेटोबद्दल मला अपार आदर आहे. पण मुलांना पहिली गोष्ट कोणती सांगायची असं कोणी विचारलं, तर मी नेमकी हीच सांगेन.

ट्रॉय नगराला ग्रीकांनी घातलेल्या वेढ्यावरचं होमरचं महाकाव्य म्हणजे 'इलियड'. त्याच्या पहिल्या सर्गात ट्रॉयच्या किनाऱ्यावर ग्रीक सैन्यात साथ पसरली आहे. नऊ दिवस अपोलो देवाचे बाण छावणीवर कोसळतात, चिता विझत नाहीत. त्याच सर्गाच्या शेवटी होमर आपल्याला देवांच्या घरी, ऑलिम्पस पर्वतावर नेतो, तर तिथे नवरा-बायकोचं भांडण जुंपलेलं. मी हात उगारला तर इथले सगळे देव मिळूनही तुला सोडवू शकणार नाहीत, असं झ्यूस हेराला दरडावतो. ती घाबरून गप्प बसते. सगळ्या सभेचा चेहरा उतरतो. तेव्हा हेफेस्टस, लोहार देव, पायाने अधू, उठतो आणि आईच्या हातात प्याला देतो. सोस गं, म्हणतो. मागे एकदा तुझी बाजू घ्यायला आलो तर यांनी माझा पाय धरून उंबरठ्यावरून भिरकावलं होतं. दिवसभर पडत होतो. सूर्य मावळताना लेम्नॉस बेटावर आपटलो, तेव्हा अंगात जेमतेम धुगधुगी उरली होती.

हेरा हसते. हसत हसत लेकाच्या हातून प्याला घेते. मग तो उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांना अमृत वाढत सुटतो, आणि त्याची ती लंगडत चाललेली लगबग पाहून देव हसायला लागतात. त्यांचं हसू काही केल्या थांबत नाही.

ज्या घरात वडील तापट असतात, त्या घरातल्या मुलाला हा प्रसंग कळायला टीप लागत नाही. मोठ्यांचं भांडण मोडावं म्हणून स्वतः हसण्याचा विषय होणारं मूल त्याने आरशात पाहिलेलं असतं. हा भाग शिकवताना वर्गात एखादी मान हळूच खाली गेलेली मला दिसते, आणि मी त्या दिवशी व्याकरण विचारत नाही.

हाच हेफेस्टस अठराव्या सर्गात पुन्हा भेटतो. ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस, त्याचा जिवलग पॅट्रोक्लस मारला गेलाय. त्याच्या अंगावरचं अकिलीसचं चिलखत शत्रूने नेलंय. अकिलीसची आई थेटिस ही सागरदेवी नवं चिलखत मागायला लोहाराच्या दारी येते. तो घामाने निथळत चाकांच्या वीस तिवया घडवतो आहे. दारात थेटिस आली हे कळल्यावर तो काय करतो ते होमरने एकेक करून सांगितलंय. भाते विस्तवापासून बाजूला ओढतो. हत्यारं गोळा करून चांदीच्या पेटीत ठेवतो. स्पंजने तोंड, दोन्ही हात, जाड मान आणि केसाळ छाती पुसतो. अंगरखा चढवतो, काठी घेतो, मग बाहेर येतो. कोणताही कारागीर पाहुणे आल्यावर जसं करेल तसंच. इतर देवांना कवी एका ओळीत आकाशातून जमिनीवर उतरवतो, पण याला हात पुसायला पाच-सहा ओळी देतो.

एवढ्या लगबगीला कारण आहे. तो लहानपणी लंगडा निघाला म्हणून आईला त्याची लाज वाटली आणि तिने त्याला टाकून दिलं, तेव्हा थेटिसने आणि युरिनोमी नावाच्या दुसऱ्या सागरदेवीने त्याला उचललं होतं. नऊ वर्षं समुद्राच्या गुहेत राहून तो त्यांच्यासाठी पिना, बांगड्या, हार घडवत होता. बाहेर समुद्राचा फेस गरजत असे, आणि तो तिथे आहे हे त्या दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. एका सर्गात फेकणारा बाप, दुसऱ्यात आई. होमर दोन्ही ठेवतो आणि जुळवायच्या फंदात पडत नाही. थेटिस चिलखत मागते. तो म्हणतो, चिलखताची काळजी करू नकोस. तुझ्या लेकावर मरण येईल तेव्हा मला त्याला तितक्याच खात्रीने लपवता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.

विस्तव ज्याच्या ताब्यात आहे, सोन्याच्या चालत्या-बोलत्या दासी ज्याने घडवल्या आहेत, त्या देवाचा हात इथे थांबतो. ढाल तो देऊ शकतो, आयुष्य नाही.

आता याची दुसरी बाजू. तुम्हाला ज्या गोष्टी खटकल्या त्या या बाजूला येतात. होमर देवांना एक विशेषण लावतो, ज्याचा अर्थ 'सुखाने, सहज जगणारे'. माझ्या मते देवांबद्दल त्याने लिहिलेले हे सगळ्यात कठोर शब्द आहेत. चौथ्या सर्गात झ्यूस म्हणतो, सूर्याखालच्या सगळ्या नगरांत मला ट्रॉय प्रिय, तिथल्या वेदीवर माझा नैवेद्य कधी चुकला नाही. हेरा म्हणते, मला अर्गोस, स्पार्टा आणि मायसीनी ही तीन नगरं प्रिय. तुझी मर्जी फिरेल तेव्हा तू ती खुशाल धुळीला मिळव, मी आड येणार नाही, पण ट्रॉय आत्ता मला दे. आणि सौदा ठरतो. भक्तांची चार नगरं दोन वाक्यांत हातची जातात.

प्रेमाची देवी अफ्रोडायटी रणात जखमी होते तेव्हा रक्ताऐवजी 'इकोर' नावाचा द्रव वाहतो, कारण देव भाकरी खात नाहीत आणि द्राक्षाची दारू पीत नाहीत. ती रडत आईच्या मांडीवर पडते, आई हाताने तो द्रव पुसते आणि जखम भरते. युद्धदेव आरेसला भाला लागतो, तो नऊ-दहा हजार माणसांएवढी आरोळी ठोकतो आणि सर्ग संपायच्या आत न्हाऊन, नवे कपडे घालून बापाशेजारी दिमाखात बसतो. त्याच मैदानात माणसाला तसा भाला लागला की होमर त्याच्या गावाचं, बापाचं, मागे राहिलेल्या बायकोचं नाव सांगतो. दोन जखमा एकाच प्रकारच्या, पण एक बरी होते आणि दुसरी एका घराचा दिवा विझवते. वेदनेने कळवळणं देवांना माणसासारखं जमतं. त्यातून कायमचं काही गमावणं त्यांना ठाऊक नाही.

युरिपिडीसने हे आणखी निर्दयपणे दाखवलं. इसवी सनापूर्वी ४२८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्याच्या नाटकात हिपोलिटस हा तरुण शिकारीची देवी आर्टेमिस हिचा एकनिष्ठ भक्त असतो. त्याने आपल्याला मान दिला नाही म्हणून अफ्रोडायटी त्याचा घात करते. तो शेवटच्या घटका मोजत असताना आर्टेमिस येते, त्याचं निर्दोषत्व त्याला शाप देणाऱ्या बापाला सांगते, आणि मग निघते. मरणाऱ्याचा शेवटचा श्वास पाहणं देवतेला विटाळ. हिपोलिटस तिला म्हणतो, इतक्या दिवसांची आपली सोबत, आणि तू किती सहज सोडून जातेस. हे वाचताना होमरचं ते 'सहज जगणारे' माझ्या कानात घुमतं. पोराशेजारी शेवटी थांबतो तो चुकलेला, पश्चात्तापाने मोडलेला माणूस बाप.

झ्यूसच्या बायकांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच ध्यानात घ्या की या गोष्टी कोणी एकाने रचलेल्या नाहीत. ग्रीस म्हणजे शेकडो छोटी नगरं. प्रत्येकाला आपला मूळपुरुष झ्यूसचा मुलगा हवा असायचा, आणि मुलगा हवा तर त्याची आई हवी. त्या सगळ्या वंशावळी एका माळेत ओवल्यावर जो झ्यूस उभा राहिला तो असा. यातल्या बऱ्याच गोष्टी त्या स्त्रियांच्या बाजूने जबरदस्तीच्या आहेत. मुलीला त्या 'प्रेमकथा' म्हणून सांगू नका.

पण ज्या झ्यूसने ट्रॉय विकलं, त्याच झ्यूसचा सोळाव्या सर्गातला प्रसंग वाचा. लिशियाचा राजा सार्पेडन हा त्याचा मर्त्य स्त्रीपासून झालेला मुलगा. तो पॅट्रोक्लसच्या हातून मरणार हे ठरलेलं. झ्यूस हेराला विचारतो, त्याला जिवंत उचलून लिशियात नेऊन ठेवू का? देवांचा राजा, आणि बायकोपुढे मन मोकळं करतो. हेरा म्हणते, तू करू शकतोस, पण इतर देवांचेही मुलगे या भिंतीखाली लढतायत. त्यांनी काय करायचं? तिचं म्हणणं खरं असतं. झ्यूस ऐकतो. आणि लेकाच्या सन्मानासाठी जमिनीवर रक्ताचे थेंब पाऊस होऊन पाडतो. मग अपोलो ते प्रेत धुतो, सुगंधी तेल लावतो, आणि निद्रा व मृत्यू या जुळ्या भावांच्या हाती देतो. ते त्याला गावाकडच्या मातीत पोचवतात.

चित्रकार युफ्रोनियसने इसवी सनापूर्वी ५१५ च्या सुमारास हा प्रसंग एका मोठ्या मद्यपात्रावर काढला. ते पात्र १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतलं, आणि बरीच वर्षं वाद होऊन २००८ मध्ये इटलीला परत गेलं. आज ते चेर्वेतेरीला आहे. त्यात पंख असलेले दोघं भाऊ वाकून, जपून सार्पेडनचं भलंमोठं शरीर उचलतात. जखमांतून रक्त ओघळतंय. इकोर नाही, रक्त. बाप देव असला तरी.

मुलं जाण्याचं दुःख देवतेला खरंखुरं कळलं ते डिमीटर या धान्याच्या देवीला. तिची लेक पर्सेफनी पाताळाच्या राजाने पळवली, आणि त्याला संमती खुद्द मुलीच्या बापाची. डिमीटर नऊ दिवस मशाली घेऊन फिरली. अमृत घेतलं नाही, अंगावर पाणी घेतलं नाही. मग अथेन्सजवळच्या इल्युसिस गावात विहिरीकाठी, ऑलिव्हच्या सावलीत, म्हातारीच्या रूपात येऊन बसली. पाण्याला आलेल्या राजाच्या चार मुलींनी तिला घरी नेलं. तिने चांगलं आसन नाकारलं, साध्या तिवईवर तोंडावरून पदर ओढून बसली, बोलेना, जेवेना. शेवटी इआम्बी नावाच्या बाईने थट्टा करून करून तिला हसवलं, तेव्हा तिने सातूचं पाणी मागून घेतलं, पुदिन्याच्या जातीचा पाला घातलेलं. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारीण आग्रह करून दोन घास खायला लावते, त्याहून हे फार वेगळं नाही. पुढे तिने पीकच उगवू दिलं नाही, तेव्हा कुठे झ्यूस नमला, आणि लेक परत आली. पण वर्षाचा एक तृतीयांश पाताळात. तडजोड देवीच्याही वाट्याला आली. इल्युसिसला हजारभर वर्षं लोक रहस्यदीक्षा घ्यायला जात राहिले. त्यात गुलाम होते, स्त्रिया होत्या. मरणानंतर आपलं काय, याची आशा त्यांनी मागितली ती लेक पाताळातून परत आणलेल्या या आईपाशी. ते मला अगदी स्वाभाविक वाटतं.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं होतं. ग्रीकांपाशी एकच एक धर्मग्रंथ नव्हता. इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की देवांच्या वंशावळी, बिरुदं, रूपं ग्रीकांना होमर आणि हेसिअडने दिली, म्हणजे कवींनी. पूजा त्याहून जुनी आणि घरगुती होती. अथेन्समधला गृहस्थ ज्या झ्यूसला भजायचा तो अंगणाचा राखणदार झ्यूस, कोठीघरातल्या भांड्यात वसणारा झ्यूस, शपथेचा साक्षी झ्यूस, आणि दारी आलेल्या परक्याचा पाठीराखा झ्यूस. पाहुण्याला हाकललं तर हा झ्यूस कोपतो, या भीतीवर अनोळखी प्रवाशाला रात्री दार उघडलं जायचं. गोष्टीतला लंपट नवरा आणि दारातला हा रक्षक एकच आहेत याचा त्यांना फारसा त्रास होत नव्हता. हे नाव आपल्यालाही परकं नाही: झ्यूस आणि ऋग्वेदातला द्यौस् हे शब्द एकाच मुळाचे आहेत, दोन्हीकडे आकाश म्हणजे पिता.

अथेन्समधलं अथीनाचं देऊळ, पार्थेनॉन, त्याच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर बारा देव बसलेले कोरले आहेत. झ्यूस तेवढा सिंहासनावर, बाकी सगळे साध्या तिवयांवर, मिरवणुकीची वाट पाहत, घरच्यासारखे बसलेत. मद्याचा देव डायोनायसस देवांचा दूत हर्मिसच्या खांद्यावर रेललाय. अथीनाशेजारी हेफेस्टस आहे, त्याच्या काखेत काठी. आणि त्या सणाच्या दिवशीही डिमीटर हातात मशाल धरून, हनुवटीला हात लावून बसलेली. शिल्पकाराला अथेन्सच्या सगळ्यात पवित्र जागी देव कोरायचे होते, आणि त्याने लंगडेपण आणि लेकीचं दुःख झाकलं नाही. लोक असे देव पूजत कसे होते, याचं बाकीचं उत्तर मला त्या दोघांकडे पाहून मिळालं. अगोरा म्हणजे अथेन्सचा बाजारचौक, त्याच्या टेकाडावरचं हेफेस्टसचं देऊळ कुंभार-लोहारांच्या वस्तीलगत होतं. भट्टीपाशी पाय दुखेपर्यंत उभा राहणारा माणूस काम संपवून वर पाहत असेल, तेव्हा त्याला वर कोण दिसत असेल?

तर मुलीला काय सांगायचं. हर्मिसपासून सुरुवात करा. पहाटे जन्मला, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा केली, संध्याकाळी थोरल्या भावाच्या, अपोलोच्या, पन्नास गाई उलट्या पावलांनी पळवल्या आणि परत येऊन दुपट्यात डोळे मिटून पडला. ती पोट धरून हसेल. मग हेफेस्टस. मग डिमीटर, काही न लपवता, कारण सहावीतल्या मुलीला पळवून नेणं म्हणजे काय याची कल्पना असते आणि आई शोधत राहते हे तिने ऐकायला हवं. सांगलीपासून कोल्हापूर जवळ आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळात समुद्रमार्गे आलेला हा देव तिला एकदा दाखवून आणा. दोनच हात, माणसाचंच अंग.

"असे का वागतात?" याचं उत्तर तिला मी दिलं असतं तर एवढंच म्हटलं असतं, की बाळा, त्यांना कधी मरायचं नसतं, म्हणून बऱ्याचदा त्यांच्या ध्यानातच येत नाही की आपल्या वागण्याने कोणाचं काय मोडलं. आणि ज्यांच्या ध्यानात येतं, त्यांच्या गोष्टी मी तुला आधी सांगणार आहे.

सार्पेडनची मात्र दोन-तीन वर्षं राखून ठेवा. सांगाल त्या रात्री रक्ताच्या पावसापाशी आलात की जरा थांबा. पुढचं तिने विचारल्यावर सांगा.